बॉनेट उघडं असताना

गाडीची दुसरी चावी सापडत नाही. कपाट, देव्हारा, तांदळाचा डबा, सगळं पाहून झालं.

जोहे गावचा केरू गणपतीचे डोळे रेखतो. तो म्हणतो, डोळे रेखेपर्यंत माती, मग देव.

इंजिनावर नारळ ठेवला तर कलंडतो.

कंपनी घरातल्या एकाला नोकरी देणार आहे. एकालाच.

समीक्षा अजून रडलेली नाही.

*

गडबला, हायवेपासून जरा आत, जितेशच्या अंगणात त्याची पांढरी, बिनगिअरची गाडी उभी आहे. जितेश रोह्याच्या कंपनीत कामावर असताना हृदयविकाराने गेला. त्याचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी गाडी आपोआप चालू झाली. तेव्हापासून अंगणात गर्दी. जिते गावाहून लोक येतात, जोह्याहून येतात. एक शेंगदाणेवालाही येतो.

गाडीत कोणी नाही. दारं बंद, काचा बंद. चावी घरात, फ्रिजवर.

हिरामण भगत गाडीसमोर पाट टाकून बसला होता.

"जितेश, बाळा, आलायस काय? आलास तर डोळे उघड!"

गाडीचे दिवे लुकलुकले. मग इंजिन घरघरलं. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"ह्याला डोळे आले," केरू हळूच म्हणाला.

"पयला डोळे उघडतो, मंग श्वास घेतो," हिरामण सांगू लागला. "काचेला हात लावा. थंड हाय ना? तो एसी नाय, त्याचा आत्मा हाय. पेट्रोलवर नाय चालत हा, श्रद्धेवर चालतो."

"मंग पेट्रोलचा काटा खाली कसा आला?" शेंगदाणेवाल्याने विचारलं.

"श्रद्धा कमी पडते तिथं पेट्रोल लागतं!"

जितेशची आई धोंडुबाई बॉनेटला गाल लावून उभी राहिली. बॉनेट कोमट होतं. थोड्या वेळाने इंजिन आपोआप बंद पडलं, तरी ती हलली नाही.

*

प्रश्न: सुखात हायस?
उत्तर: इंजिन चालू.

प्रश्न: काय खावंसं वाटतं?
उत्तर नाही. हिरामण: "व्हय-नायमधी विचारा गो. आत्म्याला लांब बोलता येत नाय."

प्रश्न: प्रविण तुझा धाकटा भाऊस. त्याच्यावर जीव हाय तुझा?
उत्तर: इंजिन चालू.

जितेशची बायको समीक्षा ओटीवर बसून ऐकत होती. "सुखात हायस?" असं कोणी विचारलं की तिची बोटं साडीच्या काठावर थांबायची. इंजिन लागलं की पुन्हा चालू व्हायची. तिला वाटायचं, आपण मनाला काहीच लावून घेत नाही आहोत.

*

एका संध्याकाळी हिरामणला नवीन सुचलं. "आज काळजाला निवद. काळीज उघडा."

काळीज म्हणजे इंजिन. समीक्षाने आतला खटका ओढून बॉनेट उघडलं. इंजिनावर हळद-कुंकू पडलं. नारळ कलंडला, तो केरूने धरून ठेवला.

"जितेश, निवद पोचला काय?"

काही नाही. पुन्हा विचारलं, काही नाही.

"रुसलाय," हिरामण म्हणाला. त्याने प्रविणकडे पाहिलं. प्रविण खिशात हात घालून उभा होता.

बॉनेट लावलं. विचारलं. इंजिन चालू.

समीक्षाने पेणला मृणालीला फोन केला. मृणाली तिची कॉलेजातली मैत्रीण, आता शाळेत विज्ञान शिकवते.

"बॉनेट उघडं असलं की ते बोलत नाहीत," समीक्षा म्हणाली. भाजी खारट झाली म्हणावं तसं.

मृणालीने तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "कोणाला सांगू नकोस. मी येते."

*

रविवारी मृणाली आली. त्या दिवशी प्रश्न एकच होता: नोकरी कोणाची. समीक्षा बी.एस्सी. आहे, तिला कंपनीच्या लॅबमध्ये घ्यायला साहेब तयार होते. प्रविण म्हणायचा, "वहिनी, बाईमाणसानं शिफ्टला जायचं आनि मी घरी बसायचं? दादाला काय वाटंल? दादालाच विचारू."

"मी विचारते," समीक्षा म्हणाली. आणि तिने आधी बॉनेट उघडलं.

"झाक ते! आज निवद नाय," हिरामण ओरडला.

"असू दे. वारा लागू दे त्यांना." ती गाडीकडे वळली. "अहो, नोकरी भावजींना देऊ?"

शांत. प्रविणचा हात खिशात हलला. पुन्हा हलला.

"नाय म्हणाले," समीक्षा म्हणाली.

"बॉनेट उघडं हाय म्हणून!" हिरामण बोलून गेला.

"म्हणजे?" मृणालीने विचारलं. "मेलेल्या माणसाला बॉनेटची काय अडचण, भगत?"

गर्दीत कोणीतरी हसलं. मृणालीने बॉनेट लावलं. "बरं, आता सगळ्यांनी हात जोडा. दोन्ही. देवाचं काम आहे."

केरूने जोडले. धोंडुबाईने जोडले. भगतालाही जोडावे लागले.

"भावजी, तुम्ही पण," समीक्षा म्हणाली.

प्रविणचा हात खिशातून सावकाश बाहेर आला.

"अहो," समीक्षाने विचारलं, "सुखात आहात ना?"

हायवेवरून ट्रक गेला. गाडी तशीच.

"प्रविण, खिशात काय रं?" केरू म्हणाला, आणि त्यानेच काढलं. काळा, काडेपेटीएवढा रिमोट. समीक्षाने तो घेतला आणि दाबला. दिवे लुकलुकले. इंजिन लागलं.

मृणालीने स्टिअरिंगखालचं प्लास्टिक खोललं. तारांमध्ये टेपने गुंडाळलेली एक डबी होती. डबीत दुसरी चावी.

"ही बटणाची गाडी," ती म्हणाली. "चावी जवळ असल्याशिवाय चालू होत नाही. म्हणून लांबून चालू करायचं यंत्र बाहेरून बसवताना एक चावी आतच ठेवतात. रिमोट दाबला की डबी त्या चावीला तेवढ्यापुरतं जागं करते आणि गाडीला वाटतं, मालक आला. बॉनेटखाली एक खटका असतो. मेकॅनिकचा हात आत असताना इंजिन लागू नये, म्हणून बॉनेट उघडलं की रिमोट चालत नाही. जितेशने हे पनवेलला बसवून घेतलं असणार. सोबत कोण होतं, भावजी?"

प्रविण गर्दीत मागे सरकत होता. हिरामण पाट उचलत होता.

"म्हंजे तो नाय त्यात?" धोंडुबाईने विचारलं.

"नाय, आई."

"मंग मी इतके दिस रडले ती कोणासाठी गो?"

"त्यांच्यासाठीच," समीक्षा म्हणाली. "ते खरं होतं."

*

गाडी फसली, कारण तिला फसवायला यंत्र बसवलं होतं. माणसांना ते लागलं नाही. दुःखच पुरेसं झालं. दुःखात प्रश्न विचारू नयेत असं कोणी म्हणत नाही. विचारावेत. मात्र उत्तर देणाऱ्याचे दोन्ही हात कुठे आहेत ते पाहावं, आणि झाकण उघडून विचारावं. खरं असेल ते झाकण उघडल्यावरही खरं राहतं.

नोकरीसाठी कंपनीत समीक्षाचं नाव गेलं.

गाडी घेतली त्या दिवशी ती शोरूममधून घरी समीक्षाने चालवत आणली. जितेशला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती; तो शेजारी खुशीत बसला होता.