डावखुरे चार टाके

चष्म्याच्या दुकानाची मालकीण एरवी कुणाला नाही म्हणणारी नव्हती. एखादं गिऱ्हाईक चौदा फ्रेमा डोळ्यांवर चढवून, उतरवून, "पुन्हा येते" म्हणत निघालं, तरी ती हसत दार उघडून धरायची. पण गाडीचा विषय निघाला की हीच बाई खांबासारखी ताठ व्हायची.

गाडी चौतीस वर्षांची, दोनच सीटची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. बटण दाबलं की पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे टपकन वर यायचे. कारखान्यातून निघाली तशीच्या तशी होती ती. तीच चाकं, तोच कॅसेट प्लेयर, त्याच तपकिरी सीटा. आरशाची बिजागरी मोडली तेव्हा मालकिणीने त्याच बनावटीच्या बिजागरीसाठी आठ महिने वाट पाहिली होती.

तिच्या थोरल्या भावाचा धंदाच गाड्या सजवण्याचा. दर आठवड्याला तो दुकानात डोकवायचा.

"मोठी चाकं टाकू, सायलेन्सर बदलू, लाल सीटा घालू. लोक वळून वळून बघतील."

"दादा, ज्यांनी बनवली त्यांनी काही विचार करूनच बनवली असेल ना?"

"म्हणजे मी बिनडोक?"

"तू हौशी आहेस. पण हिला हात लावायचा नाही."

दादा चहा अर्धा टाकून जायचा आणि पुढच्या आठवड्यात नवी यादी घेऊन हजर.

एका मंगळवारी सकाळी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आपला नवा चष्मा न्यायला आल्या. जुन्या चष्म्याची मोडकी दांडी त्यांनी दोऱ्याने बांधली होती, तीही इतक्या सफाईने की मालकीण बघतच राहिली. तिने नवा चष्मा त्यांच्या कानांवर नीट बसवला आणि रोजच्यासारखं सांगितलं, "मावशी, जरा दारात उभ्या राहा. लांबचं काहीतरी बघा."

मावशींनी समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचली. झाडावरचा कावळा पाहिला. मग त्यांची नजर फुटपाथलगतच्या गाडीवर गेली आणि तिथेच चिकटली. पायऱ्या उतरून त्या थेट गाडीपाशी गेल्या आणि काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"ही कुणाची?"

"माझी," मालकीण मागोमाग येत म्हणाली.

"जरा दार उघडा बाई. मला सीटची मागची बाजू बघायचीय."

मालकिणीने दार उघडलं. मावशींनी चालकाच्या सीटच्या पाठीमागे, अगदी खालच्या कोपऱ्यात बोट फिरवलं आणि त्या खुदकन हसल्या.

"ही मी शिवलीय."

मालकिणीला वाटलं, नव्या नंबराने चक्कर आली असावी. पण मावशी शुद्धीत होत्या. बावीस वर्षं त्या त्याच कारखान्यात सीटा शिवायच्या. मशीनची शिवण संपली की शेवटचे चार टाके हाताने घालायचे असत. "सगळ्यांचे टाके उजवीकडे झुकायचे. मी डावखुरी, माझे डावीकडे. मुकादमाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण माझी शिवण कधी उसवली नाही, म्हणून गप्प बसायचा."

मालकीण गुडघ्यांवर बसून बघू लागली. चार टाके, चारही डावीकडे कललेले. सहा वर्षं ती या सीटवर बसत होती आणि तिला पत्ता नव्हता. मावशी तोवर दुसऱ्या सीटकडे वळल्या होत्या.

"अगंबाई, ही तर ठमी. माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. बघा, तिसरा टाका कसा फेंगडा. नेहमीचाच."

ठमीला लगेच फोन गेला. अर्ध्या तासात ठमी बसने आली. नाव ठमी, पण उंची सहा फुटांना टेकलेली. ती आल्या आल्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाली, "शेकड्यांनी सीटा शिवल्या, पण चालत्या गाडीत एकीवरही बसले नाही. शिवली की ट्रॉलीवर, आणि गेली ती गेलीच."

"मग बसा ना," मालकीण म्हणाली. "दोघींना एकेक चक्कर मारून आणते."

इथे घोडं अडलं. ठमीला आपल्याच सीटवर बसायचं होतं, तेव्हा तिचं जमलं. मावशींनाही आपल्याच सीटवर बसायचं होतं, आणि मावशींची सीट होती स्टीअरिंगसमोर.

मालकीण किल्ली मुठीत घट्ट धरून उभी. ही किल्ली तिने सख्ख्या भावालाही कधी दिली नव्हती.

मावशींनी पर्समधून लायसन काढून तिच्यापुढे धरलं. "कारखाना बंद पडल्यावर लाँड्रीची व्हॅन चालवली मी. परवापरवापर्यंत. आणि आता तर चष्माही नवा आहे. तुमच्याच दुकानाचा."

यावर मालकिणीला हसू फुटलं आणि हसता हसता तिची मूठ सुटली.

ठमी तीन घड्या होऊन आत शिरली. गाडी दोन आचके देत निघाली, चौकात दिमाखात वळली आणि दिसेनाशी झाली. मालकीण पायरीवर बसली. आपण काय करून बसलो हे तिला हळूहळू कळू लागलं, आणि जितकं कळत गेलं तितकं जास्त हसू येऊ लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लांबून ओळखीचा आवाज आला, तो कारखान्यात बसवलेल्या सायलेन्सरचाच, घसा खाकरल्यासारखा. भर उन्हात दिवे टपकन वर, टपकन खाली करत गाडी समोरून गेली. आतून दोघी राजघराण्यातल्यासारख्या हात हलवत होत्या. थांबल्या मात्र नाहीत. तिसऱ्या फेरीला थांबल्या.

ठमी एकेक घडी उलगडत बाहेर आली. हसून हसून डोळ्यांतून पाणी, धाप लागलेली. "ते दिव्यांचं बटण हिला सापडलं आणि सोडेच ना," ती म्हणाली. मग एकदम गंभीर होऊन तिने पिशवीतून सुई काढली. "तेवढा तिसरा टाका सरळ करून देते. चौतीस वर्षं लोकांना फेंगडा दिसलाय, मला लाज वाटते."

मालकीण सीटपुढे आडवी उभी राहिली. "हात लावायचा नाही."

"अहो, दोन मिनिटांचं काम."

"टाका आहे तस्साच राहणार."

ठमीने मावशींकडे पाहिलं. मावशी अजून स्टीअरिंग धरूनच बसल्या होत्या.

"बरोबर बोलतेय ती," मावशी म्हणाल्या. "सुई ठेव आणि बाजूला हो. आता तिला तुझ्या टाक्यांवर बसू दे. नदीच्या पुलापर्यंत जाऊन येतो."

"दुकान?" मालकिणीने विचारलं.

ठमी केव्हाच आत जाऊन काउंटरमागे बसली होती. दारात एक गिऱ्हाईक उभं होतं आणि ती त्याला मोठ्या अधिकाराने सांगत होती, "बसा. मालकीण जरा लांबचं बघायला गेलीय."