बाईंच्या कांड्या

"मोजायच्या नाहीत," रंगारी म्हणाला.

"बाबा, निदान एक तरी फोडून बघू या. पैशाचा मामला आहे."

"आईची कांडी फोडून बघायची? आणि म्हणे लेक तिची!"

लेकीने हातातली कांडी खाली ठेवली. दोघं जमिनीवर बसले होते. मधे जुनी चादर, चादरीवर बिस्किटांच्या डब्यातून ओतलेली सुटी नाणी. मोठी एकीकडे, छोटी एकीकडे, गंजलेली आणि गुळगुळीत झालेली तिसरीकडे. भिंतीला टेकवून कांड्या रचलेल्या होत्या. कांडी म्हणजे एका मापाची वीस नाणी एकावर एक ठेवून जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदात गुंडाळलेली, दोन्ही टोकं अंगठ्याने आत दुमडून बसवलेली, खडूच्या कांडीसारखी. अशा चांगल्या पिशवीभर होत्या. त्यांच्या वजनाने कपाटाची फळी मधोमध वाकली, म्हणून तर लेक सुट्टी काढून आली होती.

रंगाऱ्याची बायको सिनेमाच्या तिकीटखिडकीत बसायची. उभी हयात तिने त्या खिडकीतून सुटे पैसे दिले-घेतले, आणि तिच्या गल्ल्यात कधी एक नाणं कमी भरलं नाही की जास्त. सिनेमा बंद पडला, पण सवय सुटली नाही. नवरा दारं-खिडक्या रंगवून घरी यायचा, खिसे टेबलावर उलटे करायचा, आणि ती कांड्या करायला बसायची. कोपऱ्यावरचा दुकानदार त्या घेऊन नोटा द्यायचा. मोजायचा नाही. त्याच कांड्या तो पुढे दूधवाल्याला द्यायचा, शिंप्याला द्यायचा. तेही मोजायचे नाहीत. नव्याने राहायला आलेल्या कुणी कांडी फोडून मोजली, तर लोक त्याच्याकडे असे बघायचे, जसं काही जेवायला बोलावल्यावर त्याने ताटाला नाक लावून वास घेतला. बाईंची कांडी म्हणजे वीस. विषय संपला.

बाई जाऊन दीड महिना झाला होता.

आजार आधी पायांत आला आणि मग हातांत. तरी मांडीवर पाट घेऊन, उशीला टेकून, तिचं काम चालूच होतं. रंगारी म्हणायचा, "अगं, पुरे आता." ती म्हणायची, "हाताला चाळा नको का काही?" सकाळी तो चादर झटकायचा तेव्हा चादरीतून दोन-चार नाणी खणखणत खाली पडायची. तो ती उचलून डब्यात टाकायचा. "शेठाणी, नाण्यांवर झोपता होय?" ती हसायची आणि तोंड भिंतीकडे करायची.

त्याच सुमाराला दूधवाल्याने दुकानात जाऊन तक्रार केली, की बाईंची कांडी दोन नाण्यांनी कमी भरली. दुकानदार त्याच्यावर असा उखडला की विचारू नका. "बाईंची कांडी कमी? लबाडा, तूच दोन काढून आलास!" चार माणसांसमोर त्याला पायरीवरून खाली उतरवलं. दुकानाने त्याचं दूध बंद केलं, मग गल्लीनेही केलं. रंगाऱ्याने घरी येऊन हे बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिने ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, "यापुढे कांड्या दुकानात नेऊ नका. राहू देत घरातच." त्याला वाटलं, मनाला लागलंय तिच्या. लागणारच.

आणि आता दुकानदार स्वतः दोनदा म्हणाला होता, "दादा, बाईंच्या कांड्या असतील तर आणा. सुट्ट्यांची नुसती बोंब आहे."

दोघांनी मिळून पिशवी उचलली. लेकीने पिशवीचे बंद धरले, बापाने खालून हात लावला. सुटी नाणी डब्यात परत भरून तो डबाही तिने काखेत मारला.

दुकानात शिंपी आधीच काउंटरला टेकून उभा होता. काम नसलं की तो तिथेच असायचा, आणि काम असलं तरीही.

"या या," तो म्हणाला, "बँकच आली चालत."

दुकानदाराने काउंटरवरची बरणी बाजूला केली. "आणा दादा. बरं झालं आलात. हा शिंपी मघापासून मोठी नोट घेऊन माझ्या बोकांडी बसलाय." त्याने पिशवीतली वरचीच कांडी उचलली, गल्ल्याच्या कडेवर आपटून फोडली, आणि नाणी बोटांनी मोजत शिंप्यापुढे सरकवायला लागला. सरकवता सरकवता त्याचा हात थांबला.

"काय झालं?" शिंपी म्हणाला.

दुकानदाराने नाणी परत ओढली, पुन्हा मोजली. अठरा. त्याने पायांखाली बघितलं, कागद झटकला, गल्ला पुढे-मागे केला.

"पडली असतील," रंगारी म्हणाला. "तुम्ही आपटलीत ना."

"असेल, असेल." दुकानदाराने दुसरी घेतली. या वेळी आपटली नाही. नखाने टोक उचकटून नाणी हळूच काउंटरवर उभी रचली. वीस. तिसरी त्याने त्या वीसच्या शेजारी रचली. तिसरी बुटकी होती. मोजायची गरजच नव्हती, लहान पोरालाही दिसलं असतं.

चौथी पूर्ण. पाचवी बुटकी, चांगली तीन नाण्यांनी.

त्या बुटक्या चळतीकडे बघता बघता रंगाऱ्याच्या कानांत चादर झटकल्याचा आवाज आला. नाणी खाली पडतायत. शेठाणी, नाण्यांवर झोपता होय. आणि तिचं भिंतीकडे फिरलेलं तोंड. त्याने लेकीच्या काखेतल्या डब्याकडे बघितलं. त्या डब्यात होती ती कमी पडलेली सगळी. त्यानेच रोज सकाळी उचलून टाकलेली.

तिला माहीत होतं. म्हणून दुकानात नेऊ नका म्हणाली. आणि आपण शहाणे, पिशवी भरून घेऊन आलो.

"म्हणजे दूधवाला खरं बोलत होता की हो," शिंपी म्हणाला. मजेत नाही, हळूच.

दुकानदार खाली स्टुलावर बसला. "मी त्याला चोर म्हटलं. चार माणसांत." मग त्याच्या डोक्यात दुसरंच काही शिरलं. "कधीपासून असेल हे? इतकी वर्षं मी डोळे मिटून घेतोय. माझ्या हातून पुढे किती गेल्या असतील." त्याने शिंप्याकडे बघितलं. "तुला किती दिल्या मी?"

"आता मला काय ठाऊक? मी कधी मोजल्या?"

"बाईंनी असं करावं?" दुकानदार स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "बाईंनी?"

लेक पुढे झाली. "शेठ, आईला शेवटी शेवटी हातात..."

"मी काढली," रंगारी म्हणाला.

तिघंही त्याच्याकडे बघायला लागले.

"ती नाणी मी काढली. ती कांडी करून ठेवायची, मी मागून टोक उघडून दोन-तीन काढायचो आणि परत बंद करायचो. तिला पत्ता नव्हता."

"बाबा!"

"तू मधे बोलू नकोस."

"कशासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"सिगारेटसाठी."

"तुम्ही कधी सिगारेट नेली नाहीत माझ्याकडून."

"तुमच्याकडून नेली असती तर दुसऱ्या मिनिटाला तिला कळलं असतं. मोठ्या रस्त्याच्या पलीकडून घ्यायचो. कामावर जाताना."

शिंप्याने ओठ बाहेर काढले आणि मान हलवली. दुकानदार मात्र हलला नाही. वजनकाट्यासमोर जन्म गेलेला माणूस, त्याला असं सहज पटणार नव्हतं.

"कधीपासून?"

"ती अंथरुणाला खिळली तेव्हापासून. त्याआधी छाती नव्हती माझी."

"पण दादा, कांडी परत बंद कशी करणार? बाईंची घडी दुसऱ्या कुणाला जमत नाही. माझ्या बायकोने किती वेळा करून बघितली."

"जन्मभर समोर बसून बघितलंय मी."

दुकानदाराने रिकामा झालेला एक कागद गुळगुळीत केला. अठरा नाणी त्यावर ठेवली आणि सगळं काउंटरवरून पुढे सरकवलं. "करून दाखवा."

रंगाऱ्याने नाणी हातात घेतली. त्याची बोटं जाड, नखांच्या कडांत पांढरा रंग बसलेला. नाणी तिरकी झाली, त्याने काउंटरवर ठोकून सरळ केली, बायको करायची तशी. कागदाची कड अंगठ्याखाली धरली. फिरवली. एक नाणं सटकून पडलं, शिंप्याने ते झेललं आणि काही न बोलता परत दिलं. पुन्हा फिरवली. आता टोक. एक बाजू आत, मग समोरची, मग उरलेल्या दोन. तिचा अंगठा कसा एकदाच दाबायचा आणि कागद टाळी वाजवल्यासारखा आवाज करून बसायचा. त्याने दाबला. कागद बसला नाही. त्याने दोनदा, तीनदा दाबला. टोक कसंबसं आत गेलं, सैल, वाकडं, एका बाजूने सुरकुतलेलं.

संपलं, त्याला वाटलं. ही घडी तिची नाही, हे आंधळाही सांगेल.

दुकानदाराने ती कांडी उचलली. मग पिशवीतून एकेक कांडी काढून टोकाकडून बघायला लागला. काहींची टोकं टणक, चारी कोपरे एका बिंदूत मिळालेले. काहींची सैल, वाकडी, एका बाजूने सुरकुतलेली. त्याने एक सैल टोकाची उघडली. कमी. एक टणक उघडली. वीस. पुन्हा एक सैल. कमी.

रंगारीही बघत होता. ती सैल टोकं त्याने या आधी नीट बघितलीच नव्हती. शेवटच्या महिन्यांत तिचा हात त्याच्या हातासारखा झाला होता.

"ही बाईंची घडी," दुकानदार म्हणाला, आणि टणक कांड्या एका बाजूला ठेवल्या. "आणि ही तुमची." सैल कांड्या त्याने दुसऱ्या बाजूला सरकवल्या, घाण हाताला लागू नये तशा, बोटाच्या टोकाने. "आजारी बाईच्या हातचं चोरलंत, दादा? आणि त्या गरिबाला मी गल्लीतून उठवलं, तेव्हा तोंड उघडलं नाहीत?"

"नाही उघडलं."

"लाज वाटते का काही?"

"वाटते," रंगारी म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. दूधवाल्याची गोष्ट त्याने घरी जाऊन किती तोऱ्यात सांगितली होती.

दुकानदाराने बाकीच्या सगळ्या सैल कांड्या फोडून मोजल्या. टणक मात्र तशाच गल्ल्यात ठेवल्या, एकही न फोडता. डब्यातली सुटी नाणीही मोजून घेतली. जेवढे भरले तेवढ्याच्या नोटा काउंटरवर टाकल्या. नेहमी हातात द्यायचा.

घराच्या वाटेवर लेक पुढे चालत होती. वळणावर थांबली. तिचे डोळे लाल झाले होते.

"धुराने तुम्हाला ठसका लागतो, बाबा."

"लागतो."

"आई आजारी होती एवढं सांगितलं असतं तर कोण काय म्हणालं असतं?"

"काही म्हणाले नसते. हळहळले असते. आणि मग आजार कधीपासून, कुठल्या कांडीपासून, हे शोधत बसले असते. बाईंची कांडी म्हणजे वीस, असं मग कुणी म्हणालं असतं का?" रिकामी पिशवी त्याने घडी करून काखेत धरली. "माझं काय आहे? मला कुठे कोण मोजतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दूधवाला उभा होता. दुकानदाराने रात्रीच त्याच्या घरी जाऊन हात जोडले होते म्हणे.

रंगाऱ्याने भांडं पुढे केलं. दूधवाल्याने कॅन खाली ठेवला, पण झाकण उघडलं नाही.

"आधी पैसे."

रंगारी आत गेला, खिसे चाचपून नाणी घेऊन आला, आणि त्याच्या तळहातावर एकेक ठेवली. दूधवाल्याने ती मोजली. मग दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा मोजली. शेजारणीने दाराच्या फटीतून बघितलं आणि दार लावून घेतलं.

"बाईंच्या वेळी मोजावं लागत नव्हतं," दूधवाला म्हणाला. "माझंच चुकलं, मी त्या माउलीवर संशय घेतला. त्यांच्या हातून कधी एक नाणं इकडचं तिकडे झालं नसतं."

"नसतं झालं," रंगारी म्हणाला. "ओत आता."