तुटक्या शिंगाची गोगलगाय

मी एक जुनी लोखंडी चकती आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर गोगलगाय कोरलेली आहे. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. दोनशे वर्षे लोक हसत आले आहेत, माझा एक कणही झिजला नाही. झिजला तो एकदाच, आणि तो हसण्याने नव्हे. तेच सांगते.

तलवारीचे पाते आणि मूठ यांच्या मध्ये माझी जागा. हात पात्यावर घसरू नये, समोरच्याचा वार बोटांवर येऊ नये, एवढे माझे काम. पण जपानातल्या आमच्या हागी गावात माणसाच्या तोंडाआधी त्याच्या तलवारीची चकती पाहत. कुणाच्या चकतीवर वाघ असे, कुणाच्या लाटा, कुणाच्या उडते बगळे.

मला तोमोझो नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने घडवले. किल्ल्याच्या धान्यकोठारातला कारकून कुरिया शिनबेई त्याच्याकडे आला आणि म्हणाला, "गोगलगाय काढा. पावसात तटावर चढताना पाहिली मी. दिवसभर चढत होती, एकदाही मागे वळली नाही."

"वळली असती तर वळण्यातच तिची संध्याकाळ झाली असती," तोमोझो म्हणाला. पण त्याने काढली. मग मला खारट चिखलात ठेवून मुद्दाम गंज चढवला, आणि हरणाच्या शिंगाने महिनोन्‌महिने घासून लाल गंज काढला, काळा तेवढा राखला. तो काळा रंग हेच माझे वस्त्र.

कुणाच्या घरी गेले की लांब तलवार दारातल्या लाकडी घोडीवर ठेवून आत जायचे, ही तिकडची रीत. त्यामुळे आम्ही चकत्या ओळीने मांडल्या जायचो आणि येणारा-जाणारा आमची परीक्षा करायचा. कोठाराचा प्रमुख मोगामी गोंदायू याच्या चकतीवर सोनेरी ड्रॅगन होता. त्याची खुशामत म्हणून हाताखालच्या अकरा जणांनी हुबेहूब तसेच ड्रॅगन करून घेतले. बारावा शिनबेई.

"गोगलगाय आणि पोटात पाय," गोंदायू सगळ्यांदेखत म्हणाला. "शिनबेई, तुझ्या मनात काय आहे रे? नववर्षाला माझ्याकडे मोठे सरदार येणार आहेत. तोवर हे ध्यान घासून काढ आणि ड्रॅगन बसव. नाहीतर माझ्या दारात येऊ नकोस, आणि कोठारातही."

शिनबेईच्या घरी म्हातारी आई, बायको, दोन मुली. कोठार गेले तर चूल गेली. तो मला सोडवून तोमोझोकडे घेऊन आला आणि मान खाली घालून बसला. तोमोझोने मला पकडीत धरले, कानस उचलली आणि एकदा ओढली. गोगलगायीचे डावे शिंग गेले. मला वेदना झाली असे म्हणणार नाही, मी लोखंड आहे. राग मात्र आला, आणि तो अजून आहे.

"आता दुसरं," तोमोझो म्हणाला. "काढू?"

शिनबेईने जमिनीवर पडलेल्या त्या चिमूटभर लोखंडाकडे पाहिले. "नको," तो म्हणाला. "राहू द्या."

"नोकरी जाईल हो, शिनबेईसाहेब."

"गेली तर गेली. ती तट चढत होती, तेव्हा तिला कुठं कोठार होतं?"

नववर्षाच्या दिवशी तो मला घेऊन गोंदायूच्या दारात गेला. घोडीवर मी, माझ्या बाजूला अकरा ड्रॅगन आणि मोठ्या सरदारांचाही एक, तोही तसाच सोनेरी. गोंदायूने मला पाहिले. सरदारांसमोर तमाशा नको म्हणून त्याने दातओठ खात मला तिथेच राहू दिले.

मग साके, म्हणजे तिकडची तांदळाची दारू, वाहिली. दिवस मावळायच्या आत सगळे झिंगून उठले, आणि जो ड्रॅगन हाताला लागला तो आपला समजून कमरेला लावून निघाले. सकाळी मोठे सरदार पाहतात तो त्यांच्या कमरेला कुणा कारकुनाची तलवार. आणि वाडवडिलांची तलवार बेपत्ता. त्या लोकांत याहून मोठी नाचक्की नाही. बर्फात गोंदायू घरोघर फिरला, अकरा दारे ठोठावली, अकराजण एकमेकांच्या तलवारी ओळखताना घामाघूम झाले. बाराव्या दारी त्याला जावेच लागले नाही.

तलवार परत मिळाल्यावर सरदारांनी गोंदायूला बोलावून घेतले. "ती गोगलगाय कुणाची?"

"कुरिया शिनबेईची, साहेब. मी त्याला काढूनच टाकणार होतो."

"त्याला ठेवा. तुमच्याकडे अकरा ड्रॅगन आहेत आणि माणूस एकच."

शिनबेई मरेपर्यंत कोठारात राहिला. तोमोझो त्याला म्हणे, शिंग पुन्हा बसवून देतो. शिनबेईने कधी बसवू दिले नाही.

पुढे तलवार बाळगायलाच सरकारने बंदी केली. पाती गेली, ड्रॅगन परदेशी जहाजांतून गेले. शिनबेईची नात फुकी हिच्याकडे बंदरावरचा एक व्यापारी आला. मला उलटसुलट करून म्हणाला, "बाई, शिंग मोडकं, रंग काळा. घासून चकचकीत करतो, वर ड्रॅगन बसवतो. मग कुणीही घेईल."

"कुणीही घेईल म्हणूनच नको," फुकी म्हणाली आणि चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

आता मी तिच्या पणतीच्या मेजावर बसते. ती मुलांना कुंचल्याने अक्षरे काढायला शिकवते, आणि वाऱ्याने कागद उडू नये म्हणून मी कागदावर असते. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला कोरड्या फडक्याने पुसा, कधी तेलाचा हात फिरवा. पण चकचकीत करायला जाऊ नका. तो काळेपणा मळ नाही, तो कुणाच्या तरी महिन्यांचा घाम आहे.

आणि माझे शिंग दुरुस्त करण्याचा विचारही नको. कानस तिथे थांबली होती.