निळ्या पाण्यातलं जांभळं

आधी पोटभर हसून घ्या, मित्रांनो. मी एक जुना कमोड आहे. भट्टीतून निघालो तेव्हा दुधासारखा पांढरा होतो; आता काठाचा टवका उडालाय. सगळं घर रोज माझ्याकडे येतं आणि माझं नाव काढताना नाक मुरडतं. ज्याच्यावाचून सकाळ होत नाही, त्याचीच यांना लाज!

आमच्या घरचे बाबा रंगारी. भिंती रंगवण्यात त्यांचा हातखंडा. माझी शोभा वाढावी म्हणून ते टाकीत निळी वडी टाकत. पाणी कायम निळंशार. पाहुणे वाखाणत आणि मी फुगत असे. तीच वडी नडली.

एका सकाळी बाबा माझ्यावरून उठले आणि पाणी जांभळं दिसलं. निळ्यात लाल मिसळलं की काय होतं, हे रंगाऱ्याला कोणी सांगायचं? पण त्यांनी वडीलाच भेसळीची ठरवलं, दोन शिव्या हासडल्या आणि बटण दाबलं. दुखत तर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा निळं, बाबा खूश. मला तोंड एवढं मोठं, पण वाचा नाही. नुसता धुमसत बसलो.

पंधरवड्याने पुन्हा तेच. जेवताना बाबांनी वडी विकणाऱ्याची टिंगल सुरू केली, तसा आईचा घास हातातच राहिला. ती उठली, टाकीतली वडी काढून केरात फेकली आणि बजावलं, आता बटण दाबायच्या आधी मला हाक मारायची.

सकाळी पाणी चक्क लाल. बाबा म्हणाले, दुखत नाही, खुपत नाही, थांबेल आपोआप. आई दारातच उभी.

"भिंतीला ओल दिसली की गिऱ्हाइकाला काय सांगता?"

बाबांचा हात बटणाकडे गेला.

"सांगा की."

"वरून रंग मारू नका. आधी गळती शोधा."

"मग घाला चपला."

तपासणीत एका मूत्रपिंडात गाठ निघाली. कॅन्सरची. घर आठवडाभर हळू आवाजात बोलत होतं. मग ते मूत्रपिंड काढलं. गाठ बाहेर पसरली नव्हती.

आता बाबा दाढी करताना धाकट्या भावाला फोनवर डॉक्टरांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगतात. "कपाट सरकवताना सहज ओल सापडली, म्हणजे दुसऱ्याच कशाच्या तपासणीत गाठ दिसली, तर काम बहुधा सोपं. माझा डाग उमटला होता, तरी वेळेत हात फिरला. पण लोक येतात कधी? पोपडे पडल्यावर. कूस दुखते, वजन उतरतं, ताप हटत नाही, तेव्हा. मग मिस्त्री झाला तरी काय करणार?" उरलेलं मूत्रपिंड म्हणे जोडीदार पळालेल्या गवंड्यासारखं एकटंच काम ओढतंय. तपासणीला मात्र ते न चुकता जातात. आई चपला दारात मांडूनच ठेवते.

मित्रांनो, मला घासा, पुसा, उपकार होतील. पण बटण दाबायच्या आधी एकदा खाली बघत जा. लाल दिसलं, एकदाच दिसलं, दुखलं नाही, तरी घरात सांगा आणि डॉक्टरला दाखवा. लाजायचंच असेल तर माझी लाज बाळगा. मला सवय आहे.