ओट्यावरचं ऊन

प्रेमराजने मोजपट्टीचं टोक नूतनच्या हातात दिलं आणि पट्टी ओढत तो खिडकीपर्यंत गेला.

"घट्ट धर. दहा फूट आठ. आपला दिवाण आरामात बसतो."

"दिवाण बसेल. हेमांगीचं टेबल?"

"ते आतल्या खोलीत."

"आतल्या खोलीला खिडकी नाही."

"दिवा आहे ना," प्रेमराज म्हणाला आणि पट्टीवरचा आकडा मोबाइलमध्ये टिपून घेतला.

देवपुरातल्या या घराचा पत्ता धुळे ऑफिसातल्या शिपायाने, निंबाने दिला होता. खालचा मजला रिकामा, वर घरमालकीण द्रौपदाबाई एकट्या. "अक्का आपल्या कंपनीच्या माणसांना ओळखतात, साहेब," असं निंबा फोनवर म्हणाला होता. त्यातलं 'साहेब' प्रेमराजने घरी दोनदा सांगितलं.

जळगावच्या बियाणे कंपनीत त्याची पंधरा वर्षं झाली होती. आता धुळे आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांचा प्रमुख म्हणून त्याला विचारलं होतं. खरीप तोंडावर असल्याने जूनच्या आत धुळ्याला राहायला यायचं, रोजचं अप-डाऊन चालणार नाही, अशी अट होती. पगार वाढत होता. पण जळगावच्या घराचा हप्ता चालूच राहणार होता आणि त्यावर इथलं भाडं बसणार होतं. हेमांगीचं हे दहावीचं वर्ष. एका शाळेने दहावीला बाहेरची मुलगी घेतच नाही म्हणून सांगितलं. दुसरीने बोर्डाची परवानगी आणा, मग बघू, असं म्हणून चहा पाजला.

नूतनने हे सगळं एकदा नाही, अनेकदा मांडलं होतं. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, एकदा तर त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून. शेवटी ती म्हणाली होती, "वर्षभर तुम्ही एकटे खोली घेऊन राहा. शनिवारी या. पोरीची परीक्षा झाली की आम्ही येतो."

"प्रमुख माणूस खोली घेऊन राहतो? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?"

लोक म्हणजे एकच माणूस, हे तिला माहीत होतं.

प्रशील कंपनीत प्रेमराजच्या चार वर्षं मागून आला होता. पहिल्या हंगामात दुकानदारांशी बोलायचं कसं, ते प्रेमराजनेच त्याला शिकवलं. आता दोघांचा हुद्दा सारखा होता. प्रशीलने गाडी घेतली तेव्हा प्रेमराज पेढे खाऊन आला, सीटवरून हात फिरवून "पांढरा रंग लवकर मळतो हो" असं बोलून आला, आणि पुढे दोन महिने ऑफिसच्या आवारात ती गाडी कितपत मळली ते बघत राहिला. प्रशील गाडी धुऊन आणायचा. त्याचाही प्रेमराजला राग यायचा.

"मी नाही म्हटलं तर जागा प्रशीलला जाईल," तो नूतनला म्हणाला होता. "मग मी त्याला साहेब म्हणू? चालेल तुला?"

हप्ता, भाडं, शाळा यांतलं काहीच मग त्या प्रश्नापुढे टिकलं नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी त्याला बोलावलं होतं. "धुळ्याला तुमच्याशिवाय दुसरा माणूस डोळ्यांसमोर नाही," हे त्यांचं वाक्य त्याने सासऱ्यांनाही फोनवर ऐकवलं होतं.

"वं माय, वर ये ना! मोजू दे त्याले," जिन्यावरून द्रौपदाबाईंची हाक आली.

प्रेमराज मान वर न करता म्हणाला, "जा तू. शेजारपाजार कसा आहे, पाणी कधी येतं, जरा काढून घे. भाड्याचं मी बोलतो."

वरच्या खोलीत उडदाच्या पापडांचं काम चाललं होतं. खाटेवर जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर पापडांच्या ओळी. शेजारणी जेवायला गेल्या होत्या. द्रौपदाबाई एकट्याच पोळपाट घेऊन बसल्या होत्या.

"उभी काब्र शे? बस आठे."

नूतनचं माहेर फैजपूरचं. धुळ्याकडची अहिराणी तिला सगळी कळे, बोलता मात्र येत नसे. पापडाच्या घरी रिकाम्या हाताने उभं राहायचं नसतं, हे मात्र दोन्हीकडे सारखंच. तिने बांगड्या वर सरकवल्या, दुसरं लाटणं घेतलं आणि लाटी पुढे ओढली. द्रौपदाबाईंनी आधी तेलात बुडवलेली एक लाटी तिच्या हातावर ठेवली.

"खाय पहिले. लाटी खाल्ल्याबिगर पापड गोल येत नही."

नूतन हसली. पीठ चांगलं कुटलेलं होतं, खार बेताचा. दोन पापड होईपर्यंत तिने पाण्याचं विचारलं. एक दिवसाआड, पण भरपूर.

"हात बरा शे तुना," द्रौपदाबाई तिचा पापड उजेडात धरून म्हणाल्या. "ती प्राचीनं आठेच बसीसन नकाशे लाटात. एकबी गोल नही."

"कोण प्राची?"

"तुमना कंपनीनी वं. प्रशील साहेबनी बायको. तू वळखत नही का?"

"ओळखते," नूतन म्हणाली. तिने लाटणं फिरवत ठेवलं. "त्या कधी आल्या होत्या?"

"होळीना आगे. तोच येनार व्हता ना आठे साहेब व्हईसन. आते तुना नवरा ई राहिना." जागा आधी प्रशीलला देऊ केली होती, यात द्रौपदाबाईंना सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. त्या पुढची लाटी मळत होत्या. "बठ्ठं घर मोजं त्यानी. भाडंबी ठरनं. मंग ती खाले गई, सैपाकघरात उभी ऱ्हायनी, आनि बोलनी, दुपारनं ऊन वट्टावर येस, माले नही जमाव."

"मग?"

"मंग काय! तो बोलना, नही ते नही. चाल." द्रौपदाबाई हसल्या. हसताना त्यांनी पिठाचा हात कपाळाला लावला. "येवढ्यावर. मी बोलनू, बापू, पडदा लाव, मी लाई देस. ते नही. दुसरं घरबी दखं नही त्यानी. जळगावले गया आनि सांगी टाकं, येत नही म्हनी. असा नवरा कोनले भेटस वं माय?"

नूतनचा पापड एका बाजूने पातळ झाला आणि फाटला. तिने तो गोळा करून पुन्हा लाटी केली.

प्राची तिला हळदीकुंकवाला भेटायची. बोलायला चांगली होती. गाडी आली तेव्हा, मुलगा दर परीक्षेत पुढे गेला तेव्हा, नूतनला कधी काही वाटलं नव्हतं. ते सगळं वाटण्याचं खातं प्रेमराजकडे होतं. आता तिची कानशिलं तापली. ऊन. नुसतं ऊन येतं म्हणाली ती. एकदाच म्हणाली असेल.

"आलेच," म्हणून ती हात पुसून खाली आली.

साडेतीन वाजत आले होते. स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन ओट्यावर आडवं आलं होतं. तिने ओट्यावर तळहात टेकला. दगड तापलेला होता, पण हात ठेवता येत होता.

प्रेमराज दारात आला. त्याचा चेहरा उजळलेला होता.

"काय म्हणतात अक्का? आपल्याला हेच घर. आजच विसार देऊन टाकू, नाहीतर दुसरा कोणी घेईल."

नूतन त्याच्याकडे नीट बघत म्हणाली, "दुपारचं ऊन ओट्यावर येतं. मला नाही जमणार."

प्रेमराज हसला. मनापासून हसला, तिने गंमत केल्यासारखा.

"पडदा लावू की! उन्हासाठी कोणी घर सोडतं का?"

त्याने पाकीट काढलं. जिन्यावर पावलं वाजली. द्रौपदाबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. नूतनला वाटेतच त्यांना थांबवता आलं असतं. गोष्ट वळवता आली असती, पाण्यावर, शेजारावर, कशावरही. प्रेमराजला ती गोष्ट कशी लागेल, हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

"अक्का," ती म्हणाली, "प्राचीताईंचं मघाशी मला सांगितलंत ना, ते यांनाही सांगा."

आणि ती जिना चढून वर गेली.

खोलीत येऊन तिने पोळपाट पुढे ओढला. खालून द्रौपदाबाईंचा आवाज येत होता, मध्येच त्यांचं हसणं. प्रेमराजचा आवाज येत नव्हता. मग द्रौपदाबाईही थांबल्या. नूतनने एक पापड लाटला, खाटेवर टाकला. दुसरा लाटला.

"नूतन."

तो जिन्याच्या तळाशी उभा असावा. वर आला नाही.

"चल, निघू. हे घर काही बरोबर नाही. ओट्यावर ऊन येतं. प्राचीलासुद्धा कळलं ते."

तिने दुसराही खाटेवर टाकला.

"आणि हेमांगीचं दहावीचं वर्ष आहे," तो खालून म्हणाला. "या वर्षी पोरीला हलवणं बरं नाही. तू तरी मला आधी बोलायचंस."

नूतनने पुढची लाटी घेतली, तेलात बुडवली आणि पोळपाटावर ठेवली.

"एवढ्या लाट्या संपवते," ती म्हणाली. "तुम्ही बसा खाली."