चुलीपुढचा पत्रा

वैशाखातल्या दुपारी एक वाजता सोलापुरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण त्या दिवशी भवानी पेठेतल्या लिंबाभोवती शे-दीडशे माणूस उन्हात उभं होतं. मागावरची माणसं जेवणाच्या सुट्टीत भाकरी टाकून भूत बघायला आली होती. भूत मल्लप्पांच्या मोटारीत होतं.

मोटार जुनी, काळी, गिरणीतल्या कुण्या साहेबाकडून घेतलेली. तिचं बॉनेट आ वासून उघडं, आणि पुढं शीतलबाबा. अंगभर भस्म, डोळे अर्धे मिटलेले, हातात तांब्याचा कमंडलू.

"पेट्रोल हाय?" बाबांनी गरजून विचारलं.

"हाय!" मल्लप्पा हात जोडून म्हणाले.

"बॅटरी हाय?"

"हाय!"

"तरी चालत न्हाय! म्हंजे भुतीण बसलीय! इंजिनाच्या काळजावर बसलीय! तहानेली हाय!"

गर्दी शहारली. बाबांनी आपली भगवी छाटी कमंडलूत बुडवली, इंजिनाच्या एका बाजूला अलगद ठेवली आणि मंत्र सुरू केला. गंगा झाली, यमुना झाली, कावेरी झाली. नद्या संपल्यावर हिप्परग्याच्या तलावालाही बोलावणं गेलं. पाच-पाच मिनिटांनी छाटीवर पाण्याची धार. असा अर्धा तास गेला, आणि बाबा ओरडले, "मार चावी!"

मोटार खाकरली, थरथरली आणि सुरू झाली. जयजयकार उठला. एका म्हातारीनं तर बंपरलाच डोकं टेकवलं.

गर्दीच्या कडेला मल्लप्पांची बायको सावित्रम्मा उभी होती. तोंडानं शेंगाचटणीसारखी तिखट. बाबा पैसा घेत नसत म्हणून पेठेत त्यांचं मोठं नाव होतं. पण भूत उतरलं की त्याच मोटारीत मागच्या सीटवर पसरून ते मठात जात, हे तिनं चार वेळा पाहिलं होतं. आजचा हा पाचवा चमत्कार.

"कवापासनं लागलीय?" बाबांनी विचारलं.

"पोराच्या लग्नापासनं, बाबा. रातच्या वरातीला नीट चालली, आन दुसऱ्याच दिवशी बंद पडली."

"सून कुटली?"

"मैंदर्गीची."

"मला म्हाईत हाय! मैंदर्गीचीच!" बाबा गरजले, आणि अंतर्ज्ञान बघून लोक गार झाले. "तिच्या पावलाला धरून आलीय ती! रविवारी, सूर्य डोक्यावर असताना, सून माहेरी पोचवा. सव्वा वर्ष उंबरा ओलांडू देऊ नका!"

सावित्रम्माशेजारी उभ्या गुरम्मानं सासूचा हात घट्ट धरला. एकोणीस वर्षांची पोर, घरात येऊन दोन महिने झाले नव्हते. तिचा नवरा शिवपुत्र पलीकडे उभा राहून आपल्या चपलांकडे बघत होता, जसा काही पहिल्यांदाच बघतोय. सावित्रम्माच्या मस्तकात तिडीक गेली.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला धारेवर धरलं.

"अहो, ही भुतीण दुपारीच का येती? सकाळी तुमी दुकानाला जाता, तवा कुटं असती?"

"भुताचं मला काय विचारतीस?"

"मिलच्या भोंग्यावर येती का? पाळीवर लावलीय का कुणी? आन बाबा पाणी एकाच जागी का घालतात? तिला डोकं न्हाय, पाय न्हाय?"

"तू गप बस. रविवारी पोचवायची म्हंजे पोचवायची."

स्वयंपाकघरात गुरम्मा ट्रंकेत लुगडी घालत होती. मान वर न करता तिनं सासूला विचारलं, "अत्ती, सव्वा वर्षानं मला न्यायला येतील की?"

ज्यांचं सव्वा वर्ष कधी संपलंच नाही, अशा दोघीजणी याच गल्लीतून गेलेल्या सावित्रम्माला माहीत होत्या. तिनं सुनेचं डोकं पोटाशी धरलं आणि बाबांना मनातल्या मनात कानडीतल्या चार शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी मल्लप्पा बसनं अक्कलकोटला वसुलीला गेले. त्यांची पाठ वळताच ती समोरच्या महिपतीच्या दारात. महिपती जन्मभर बसगाड्यांच्या कारखान्यात फिटर, आता निवृत्त. त्याचा विश्वास फक्त पान्यावर.

"महिपतभावजी, आमच्या घरात भूत शिरलंय. पाना घेऊन या."

अंगणात बॉनेट उघडलं. महिपतीनं कानावरची विडी तशीच ठेवली आणि एका वाटीएवढ्या डब्यावर बोट ठेवलं. "बाबा हितंच छाटी ठेवतो न्हवं?"

"व्हय, बरोब्बर तितंच!"

"हा पंप, वैनी. टाकीतलं पेट्रोल ओढून वर देतो. आन हा शेजारचा लोखंडी नळ धुराचा, निखाऱ्यागत तापतो. त्याची आंच लागली की पंपातल्या पेट्रोलची वाफ होती. पंप वाफच ओढत बसतो, पेट्रोल वर जातच न्हाय. गाडी बंद. ओलं फडकं टाका, दम धरा, वाफेचं परत पेट्रोल. गाडी चालू. लॉरीवरचा कुटलाबी क्लीनर हे करतो, आन ते बी शिव्या घालत. मंत्र लागत न्हाय."

"मग लग्नापतुर कशी चालली?"

महिपती वाकला, चाचपला आणि हसला. "ही दोन भोकं बघा. हितं पत्रा असतो, नळ आन पंपाच्या मधी, आंच अडवायला. कुणीतरी काढलाय की!"

"केवढा असतो?"

त्यानं हातानं दाखवलं. वीतभर रुंद, एका अंगाला वाकलेला, कोपऱ्यात दोन भोकं.

सावित्रम्मा उठली आणि स्वयंपाकघरात गेली. चूल आणि पाण्याचा माठ यांच्या मध्ये एक पत्रा उभा होता. लग्नाच्या धांदलीत परसात सापडला म्हणून तिनंच तो तिथं ठेवला होता. तेव्हापासून चुलीची धग माठाला लागत नव्हती, पाणी गार राहत होतं, आणि तिनं आल्या-गेल्याला ती आपली अक्कल म्हणून सांगितली होती.

काजळी धरलेला तो पत्रा महिपतीनं जागेवर टेकवला. भोकाला भोक जुळलं.

"अय्यो शिवने!" सावित्रम्मा पायरीवर मटकन बसली. वरातीची सकाळ तिला आठवली. बॉनेटखाली काहीतरी खडखडत होतं, आणि बँडच्या मध्ये ती खडखड नको म्हणून मल्लप्पांनी स्वतः ते काढून परसात भिरकावलं होतं. ती आधी पोट धरून हसली, मग तिचे डोळे भरून आले. "पोरीचा पाय न्हवं भावजी, सासऱ्याचा हात!"

"पंपाच्या आतला पडदाबी आंचेनं कडक झालाय," महिपती म्हणाला. "पंपच नवा घालू. आजच बसवतो."

"आज नको. हे म्हणतील, बाबांच्या मंत्रानं बरी झाली. रविवारी, समद्या पेठेम्होरं."

रविवार उजाडला. टपावर ट्रंक बांधलेली, आत गुरम्मा. बाबांना मठातून आणून मोटार लिंबाखाली पोचली आणि नेमानं बंद पडली. गर्दी तयारच होती. बाबांनी कमंडलू उचलला.

"थांबा बाबा," सावित्रम्मा पुढं झाली. "तुमी लई दमलाय. आज सावलीत बसा." तिच्या हातात फरशी पुसायचं फडकं आणि नळाच्या पाण्याची बादली होती. "गुरम्मा, खाली उतर. हे भिजवून त्या डब्यावर ठेव."

"तिचा हात लागला तर गाडी पेटंल!" बाबा किंचाळले. मल्लप्पा दोन पावलं मागं सरले, गर्दी चार. गुरम्मानं फडकं ठेवलं. काही पेटलं नाही.

"आता मंत्र," सावित्रम्मा म्हणाली. "शिवपुत्रा, तोंड हाय न्हवं तुला? पाढे म्हण."

शिवपुत्रानं आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि खणखणीत सुरू केलं, "बे एके बे!" गुरम्मा फडक्यावर पाणी घालत राहिली. सतराच्या पाढ्याला तो अडखळला, तेव्हा गर्दीतल्या लोकांनीच पुढचे आकडे पुरवले. तिसाचा पाढा तर सगळी पेठ एका सुरात म्हणाली.

"मार चावी," सावित्रम्मा म्हणाली.

मोटार सुरू झाली. मग कुणीतरी खुसकन हसलं.

"माझ्या मागच्या मंत्राचीच शक्ती ही!" बाबा म्हणाले.

"व्हय व्हय. आता मुळातनंच काढू तिला." महिपती पेटी घेऊन आला. मोटार अंगणात नेली, मागोमाग पेठ, आणि काय करतात ते बघायला बाबाही. इंजिन निवल्यावर महिपतीनं नळ्या सोडल्या, जुना पंप काढला, नवा बसवला. बॉनेटमध्ये डोकं घालून त्यानं मागं हात केला आणि खेकसला, "अर्धा इंची!"

अगदी खेटून उभ्या असलेल्या बाबांनी पेटीतल्या वीसएक पान्यांतून नेमका अर्ध्या इंचाचा उचलला आणि महिपतीच्या हातात ठेवला.

महिपती सावकाश वर आला. पान्याकडं बघितलं, बाबांकडं बघितलं. "क्लीनर कुटल्या लॉरीवर होता, महाराज?"

हशा असा फुटला की लिंबावरचे कावळे उडाले. बाबा मठाकडं निघाले. या खेपेला पायी, भर उन्हात, अनवाणी.

शेवटी महिपतीनं तो काजळी धरलेला पत्रा वर धरला. सावित्रम्मा नवऱ्यासमोर उभी राहिली.

"वरातीच्या दिवशी हा कुणी काढला हो?"

मल्लप्पांनी पत्रा ओळखला. "मी," ते पुटपुटले.

"मोठ्यानं. ती मैंदर्गीची हाय, लांबनं ऐकू यायला पायजे."

"मी काढला! माझीच चूक हाय. गुरम्मा, पोरी... मला माफ कर."

शिवपुत्र कुणी न सांगता टपावर चढला आणि त्यानं ट्रंक खाली उतरवली. गुरम्मानं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच सगळ्यांदेखत बोलली, "अत्ती, गाडी बरी झालीय तर माहेरी अव्वाला भेटून येते की. रातीला जेवायला घरी हाय."

पत्रा बसला आणि रणरणत्या दोन वाजता मोटार मैंदर्गीला गेली. वाटेत कुठंही थांबली नाही. दिवेलागणीला परत आली, तेव्हा मागच्या सीटवर आंब्याची पाटी होती आणि पाटीशेजारी गुरम्मा.

तोवर पायरीवर बसलेल्या बायकांना सावित्रम्मा सांगत होती, "बायांनो, गाडी बंद पडली, म्हैस आटली, पोर आजारी पडलं, की पैल्यांदा कारण हुडका. जाणत्याला विचारा. सुनेच्या पायाकडं काय बघताय? तिची ट्रंक बांधायच्या आधी बॉनेट उघडा."

मग तिनं आत डोकावून नवऱ्याला हाक मारली, "अहो, उद्या माझ्या माठाला नवा पत्रा आणा. आन ह्या खेपेला तुमचे हात लावू नका त्याला!"