वर्षाराणीचा तिसरा उजेड

माझी भाची वर्षाराणी भ्यावाचे पिक्चर काढती आन् मी त्यात मरते. पहिल्यात हिरीत मेले, दुसऱ्यात केजच्या यष्टीत. हासू नका, मरायला बी अक्कल लागती.

तिच्या समद्या पिक्चरांत धारूरच्या डोंगरावर आभाळातून उजेड पडतो, आन् मग माणसं माणसासारखी राहत न्हाईत. बाकी गाव येगळं, लोक येगळे, येकाचा दुसऱ्याला पत्ता न्हाई. आमच्या दिंद्रुडच्या बाया इचारत्यात, "बायनाबाई, पहिल्यातल्या पोराचं पुढं काय झालं?" अगं, शेजारच्या गावात काय झालं ते तरी तुमाला कळतं का? तसंच हाय ते. मला तर लई आवडतं. एवढं डोकं ह्या पोरीला कुठून आलं काय की, आमच्या घरात कुणालाच नव्हतं.

पन दुसऱ्या पिक्चरात उजेडातनं उतरलेल्या राक्षसाचा हात यष्टीच्या दारात अडकला आन् लोक पोट धरून हासले. वर्षाचा बाप म्हंजी माझा भाऊ इठ्ठलदादा, ऊसतोडीचा मुकादम. टोळीसमोर त्याची मान खाली गेली. घरी येऊन म्हनला, "अजून येकदा लोक हासले तर कॅमेरा पेटीत. मग सोयरीक बघतो." पोरगी जेवली न्हाई. मला असा राग आला त्याचा, पन त्याच्यापुढं कोन बोलनार.

तिसरा पिक्चर मंगल कार्यालयात लावला, खिडक्यांना ताडपत्र्या बांधून. राक्षस दाखवलाच न्हाई पोरीनं. निस्ती टोळीची सकाळ. पाचटाच्या कोप्या, चुली, धुकं. रातच्याला उजेड पडून गेलेला. पडद्यावरचा मुकादम ट्रॅक्टरपाशी हुभा राहून माणसं मोजतो. परत मोजतो. मग हळूच म्हनतो, "एक कोयता कमी हाय."

टोळीतल्या शहादेवची नवी सून नागपूरकडची, ती खुदकन हासली. "कोयता हरवला म्हणून एवढं?"

गेली पोरगी, म्हनलं. तिला बिचारीला काय म्हाईत, आमच्याकडं टोळीत कोयता म्हंजी नवरा-बायकोची जोडी. दोघं जितीजागती माणसं गेलती.

तिच्यामागं दुसरं कोनी हासलंच न्हाई. गडी अंधारात आपापल्या बायका हुडकाय लागले. आन् दादा ताडकन उठला, पडद्याला इचारलं, "कुनाचा?"

मग पाठ फिरवून आमच्याकडं तोंड केलं आन् बोट फिरवत आमाला मोजाय लागला. कुनी त्याला खाली बस म्हनलं न्हाई.

पिक्चर सपला, ताडपत्र्या काढल्या. दादा वर्षापाशी गेला.

"त्या दोघांना हुडकाया कोन गेलं का न्हाई?"

"न्हाई, बापू. ते घाबरले. टोळी तशीच पुढं गेली."

दादानं मोकळ्या पडद्याकडं बघितलं.

"असं कुठं असतंय का," म्हनला. "पुढच्यात मला घे. मी जातो त्यांच्यामागं."